कलम चौदा आणि देविदासांचा गाल

अकरा महिन्यांनी देविदास बोलले, आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर, "काहून गं, चहात साखर टाकाले विसरली का?"

मी गॅसपाशी उभी होते. साखर विसरले नव्हते. अकरा महिने हा माणूस नळीने कोमट, पातळ काहीतरी ओढून घ्यायचा, त्यामुळे आमच्या घरात साखर टाकायची सवयच मोडली होती. मी डबा उघडला, चमचा भरला, आणि तो तसाच हातात धरून रडायला लागले. देविदास म्हणाले, "अव, आता खारट करतं का त्याले?"

ते पूर्ण वाक्य होतं. मध्ये गाल धरून थांबले नाहीत, डोळे मिटले नाहीत.

दुखणं चेहऱ्याच्या शिरेचं. डॉक्टरांनी समजावलं होतं की मेंदूतून गालाकडे येणाऱ्या एका शिरेचं वेष्टण झिजतं आणि ती उघड्या वायरसारखी होते. मग घास चावला, दाढीचं पातं लागलं, पंख्याचा वारा लागला, की विजेचा झटका. बोलायला तर तोंड उघडायचीच सोय नाही. आणि हे कोणाला व्हावं? शेंदूरखेड्यात रिक्षावर भोंगा लावून जाहिराती सांगणाऱ्या माणसाला! आमच्या गावात कोणाचा साड्यांचा सेल, कोणाचं कीर्तन, कोणाची निवडणूक देविदासांच्या आवाजाशिवाय झालेली नव्हती. निर्मलाताई ढोमणे एकोणीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हाही भोंग्यावर हेच होते. ताई आमदार झाल्या आणि मी त्यांचे केस रंगवायला लागले.

औषध म्हणजे तेल. सकाळ-संध्याकाळ जिभेखाली सहा थेंब. शमनिका नावाच्या कंपनीने मंगल कार्यालयात शिबिर लावलं होतं, तिथे देविदासांचा नंबर लागला. तेल गांजाच्या झाडाचं, पण नशेचं नाही. झाडात शंभरावर रसायनं असतात, त्यातलं एकच वेचून, थोडं बदलून, फक्त त्या चिडलेल्या शिरेला निजवेल असं केलेलं. सव्विसाव्या दिवशी साखर मागितली.

आता या झाडाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आमच्याकडची संत्री उन्हाने गेली त्याला सात वर्षं झाली. सत्तेचाळीस डिग्रीला फळ झाडावरच शिजतं. त्या जागी दोन पिकं आली. एक तागासारखी भांग: काठीसारखी उंच, नशेचा पत्ता नाही, नुसता धागा. आमच्या बचत गटाच्या बेचाळीस बायका तिची सुतळी वळतात. त्यात मीही एक, पार्लर बंद असतं त्या मंगळवारी. दुसरं पीक औषधाचं, कंपनीचं, जाळीच्या कुंपणात. ही दोन्ही एकाच जातीची झाडं, आणि भांडण तिथेच आहे. औषध असतं मादी फुलात. त्या फुलावर पराग पडला की झाड बी धरतं, आणि सगळं बळ बियांकडे जाऊन औषध पातळ होतं. पराग येतो नर झाडातून, म्हणजे आमच्या सुतळीच्या शेतातून, वाऱ्यावर बसून, किलोमीटरच्या किलोमीटर.

म्हणून सरकारने आणलेल्या भांग विधेयकात कलम चौदा होतं. औषधी शेताभोवती दहा किलोमीटर 'परागमुक्त क्षेत्र'. त्यात दुसरी भांग लावायची नाही, आपोआप उगवली तरी उपटायची, आणि उपटायला कंपनीच्या माणसाला कोणाच्याही आवारात शिरायची मुभा. आमच्या तालुक्यात कंपनीची शेतं तीन. नकाशावर दहा-दहाची तीन वर्तुळं काढली की तालुका संपतो.

विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं होतं. समितीतली मतं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. निर्मलाताई त्या समितीत होत्या आणि अजून कुठेच नव्हत्या.

ताईंच्या घरी मी दर दुसऱ्या रविवारी जाते. मेंदी आदल्या दिवशी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली असते. लावायला अर्धा तास, मुरायला दोन तास. तेवढा वेळ ताईंचा फोन देवघरात बंद, दाराला कडी, आणि ताई स्टुलावर गळ्याभोवती जुनं लुगडं गुंडाळून बोलत बसतात. "रंजने, मी काय म्हणते..." असं सुरू होतं. धरणाचं पाणी, शाळांचं विलीनीकरण, पक्षातली भांडणं. आधी एक बाजू मांडतात, मग स्वतःच उठून दुसरी. मी म्हणते, "हं." कधी "हं हं." एकोणीस वर्षांत मी एकही मत दिलेलं नाही. ते शहाणपण नव्हे. माझं लक्ष केसांच्या मुळांकडे असतं, आणि कलम-बिलम मला तेव्हा कळतही नव्हतं. आता जे कळतं ते कागद मागून आणून, शब्दकोश घेऊन, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचलेलं.

देविदास बोलायला लागल्यावर आठवड्याने मी दुसरी बाटली आणायला शिबिरात गेले. रांगेत माझ्यापुढे ताईंच्या ड्रायव्हरची आई, गुडघ्यांसाठी. तिच्यापुढे ताईंची स्वयंपाकीण चंद्रकला, पाठीसाठी. खुर्चीवर ताईंच्या स्वीय सहायकाचे सासरे, झोपेसाठी. मला सगळ्यांची डोकी ओळखीची. निम्म्यांची मीच रंगवते. सहाशे अर्ज आले होते म्हणे. निवडलेले तीस. आणि तिसांतले अकरा ताईंच्या उंबऱ्याच्या आतले!

मी बाटली पिशवीत टाकली आणि घरी आले. पण त्या दिवशी दोनदा चहा उतू गेला, आणि एका बाईच्या केसांना रंग लावून मी घड्याळच लावायला विसरले.

शिबिरातली मैथिली नावाची पुण्याची मुलगी शुक्रवारी माझ्या पार्लरमध्ये आली. कंपनीत आकडेवारीचं काम करायची. साखरपुडा होता, भुवया कोरायच्या होत्या. भुवया कोरताना माणूस डोळे मिटून, मान मागे टाकून, स्वतःच्या दोन्ही हातांनी कपाळ ताणून धरतो. त्या अवस्थेत फार कमी लोकांना खोटं सुचतं.

मी दोरा ओढत विचारलं, "मैथिली, आमच्या यांचा नंबर कसा लागला गं? चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?"

ती म्हणाली, "काकू, मी पुढच्या महिन्यात सोडतेय नोकरी."

"सोड की. मी काय विचारलं?"

"आमच्याकडे एक यंत्र आहे. अनुनाद म्हणतात त्याला." ती डोळे मिटूनच बोलायला लागली. "दोन तंबोरे शेजारी ठेवले आणि एकाची तार छेडली की दुसऱ्याचीही थरथरते ना? तसंच. आमदार कोणता मुद्दा कधी पहिल्यांदा बोलले, कोणत्या दिवशी त्यांचं मत हललं, हे भाषणांत, मुलाखतींत, सगळं उघडच असतं. यंत्र ते वाचतं. मग आजूबाजूच्या हजारो लोकांचं बोलणं वाचतं. कोणाची तार आधी हलली आणि किती दिवसांनी आमदारांची हलली, हे मोजत मोजत ते शोधतं की हा माणूस खरं कोणाचं ऐकतो. बहुतेक वेळा मंत्र्याचं नाही ऐकत. बहिणीचं ऐकतो. ड्रायव्हरचं ऐकतो."

"माझं कुठे गं भाषण छापून येतं?"

"तुमचं नाहीच काही. तुम्ही भोक आहात, काकू."

मी दोरा थांबवला.

"म्हणजे नकाशातलं," ती घाईने म्हणाली. "दर दुसऱ्या रविवारी ताईंचा फोन अडीच तास बंद. काहीच माहिती येत नाही. आणि ताईंनी मोठा निर्णय घेतला असेल तर तो बहुतेक त्याच्यानंतरच्या सोमवारी. यंत्राने सांगितलं, या अडीच तासांत फार वजनदार माणूस बसलेला आहे. तो कोण, हे शोधायला आम्हाला चार महिने लागले. मग त्याच्या घरात कोणाला काय दुखतंय ते पाहिलं."

"आणि मला काय सांगायला लावणार होते?"

"काहीच नाही! तशी सक्त ताकीद आहे. मागायचं नाही, सुचवायचं नाही. तेल खरं आहे, काकू, शिबिरही खरं आहे. आम्ही कोणाशी खोटं बोलत नाही. बरा झालेला माणूस आपोआप बोलतो. तेवढंच पुरतं."

मला हसू आलं आणि ते आवरेना. "अगं, मी तिथे बसून नुसतं हं म्हणते!"

मैथिलीने डोळे उघडले. एक भुवई कोरलेली, दुसरी तशीच. "काहीच बोलत नाही तुम्ही?"

"एकोणीस वर्षांत एक शब्द नाही."

ती आरशातल्या स्वतःकडे बघत राहिली. "मग त्यांचं मत तिथे बदलतं कसं?"

"कोणी काही सांगत नाही म्हणून बदलत असेल," मी म्हटलं. "बाकी वेळ सगळेच सांगत असतात."

हे बोलल्यावर माझं मलाच पटलं, आणि तेच वाईट होतं. कारण आता मी बसणार होते तिथे जाऊन, ते पूर्वीचं बसणं राहिलेलं नव्हतं.

घरी सांगितलं तर देविदास आधी खूष झाले. "म्हणजे आपलं वजन आहे म्हण की!" मग कलम चौदाचं सांगितलं. मग म्हटलं, मला हे ताईंना सांगावं लागेल. जेवणाचं ताट पुढे होतं, भाकरी होती, ती ते चावून खात होते.

"सांगाले काय जरूर आहे?"

"त्यांना माहीत पाहिजे."

"आणि तेल बंद झालं म्हणजे?" त्यांनी घास खाली ठेवला. "रंजू, तुले माईत नाही. तू बाहेरून पाहिलं. मी आतून पाहिलं. मी विहिरीपाशी जाऊन उभा राहाचो. तीनदा."

मला हे माहीत नव्हतं. अकरा महिने पाटीवर लिहून ते मला दूध, भाजी, लाइटबिल सांगत होते. हे लिहिलं नव्हतं.

"बेचाळीस बायका आहेत गटात," मी म्हटलं. माझा आवाज बारीक झाला होता.

"बेचाळीस बायकांचा गाल दुखते का?" ते उठून गेले. दारातून म्हणाले, "तुले माझा आवाज कधी आवडलाच नाही. भोंगा, भोंगा म्हणत जाय."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. दोन दिवस आम्ही एकमेकांना लागेल तेवढंच बोललो. बोलता येत असून न बोलणं हे अकरा महिन्यांपेक्षा लांब वाटलं. रविवारी सकाळी मी कढई पिशवीत घातली तेव्हा ते रिक्षा पुसत होते. वर न बघता म्हणाले, "जे बोलाचं ते बोल. पण मले विचारून बोलली, असं सांगू नको. मी हो म्हटलं नाही."

ताई स्टुलावर बसल्या. मी भांग पाडला, पहिली बट उचलली.

"रंजने, मी काय म्हणते," ताई म्हणाल्या, "मी या दहा किलोमीटरले उगाच अडून बसली का? ड्रायव्हरची माय परवा जिना चढली. चंद्रकला वाकून पोछा मारते. सासरेबुवा घोरतात म्हणे, लेक कंटाळली. आणि तुझे देविदास तर गावभर ऐकू येऊन राहिले! एवढं खरं औषध असल्यावर त्याच्या झाडाले जपाले नको? सुतळीचं काय, गटाले दुसरं काही काम देऊ. म्हणजे झालंच. उद्या सांगून टाकते समितीत."

मी "हं" म्हणायला तोंड उघडलं. आणि कळलं, की आज हे "हं" म्हणजे सही आहे. मी काहीच बोलले नसते, तरी देविदासांचा आवाज माझ्या वतीने बोलून गेला होता. यंत्राला तेवढंच हवं होतं.

"ताई," मी म्हटलं, "थांबा."

त्यांनी मान वळवली. मेंदीचा थेंब त्यांच्या नाकावर पडला. मी सगळं सांगितलं: रांग, तंबोरे, अकरा माणसं, भोक. माझे हात मेंदी लावत राहिले.

ताईंनी नाकावरचा मेंदीचा थेंब पदराने पुसला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घरात ज्याचं ज्याचं दुखत होतं, त्याले त्याले शोधून काढलं."

"हो. आणि बरंही केलं."

"चंद्रकलेले ठाऊक आहे?"

"नाही. कोणालाच नाही. सगळे खरंच बोलतायत."

"मग मी आता कोणाचं ऐकू? खोटं बोलणारा असता तर हाकलून दिला असता." त्यांचा आवाज चढला. "आणि तू? एकोणीस वर्षं मी तुझ्यापाशी बोलाची की भिंतीपाशी?"

"भिंतीपाशीच, ताई."

"मग आज काहून बोलली भिंत?"

"भिंतीला कोणीतरी रंग देऊन गेलं. तुम्ही टेकून बसणार, तर सांगायला नको?"

त्या हसल्या नाहीत. "तुझं काय मत आहे कलम चौदावर?" असं मात्र त्यांनी विचारलं, अगदी सभागृहात मंत्र्याला विचारावं तसं.

"औषध पाहिजे. त्याशिवाय आमच्या घरातला माणूस जगायचा नाही. पण कुंपण त्यांनी आपल्या शेताला घालावं, आमच्या तालुक्याला नाही. काचेची घरं बांधून आत लावता येतं ते झाड, मी वाचलंय. वाऱ्याला बंदी घालण्यापेक्षा त्यांना ते महाग पडतं, एवढंच."

"आणि तेल बंद झालं म्हणजे?"

मी पुढची बट उचलली. "जा तू आता," त्या म्हणाल्या. "मी धुऊन घेते." एकोणीस वर्षांत केस त्यांनी पहिल्यांदा स्वतः धुतले.

सोमवारी ताईंनी समितीत काहीच मत दिलं नाही. आणखी साक्षी घ्यायच्या आहेत, एवढंच म्हणाल्या. बुधवारी कंपनीची पेटी आमच्या दाराशी आली, सहा महिन्यांचं तेल. सोबत कोणाची चिठ्ठी नाही, मागणी नाही. मैथिलीचा निरोप तेवढा फोनवर आला: 'काकू, तुम्ही काय बोललात माहीत नाही. ताई डगमगल्या म्हणून यंत्राने तुमचं वजन दुप्पट धरलंय. त्याला राग येत नाही.'

मला वाटलं होतं, तेल बंद करतील. बंद केलं असतं तर निदान लढल्यासारखं तरी वाटलं असतं. ही पेटी दारात अशी बसली होती जणू पाहुणी आहे आणि आपण पाणी विचारायचं विसरलोय.

देविदासांनी ती उचलून टेबलावर ठेवली. जुन्या बाटलीत नऊ दिवसांचं तेल होतं. मी म्हटलं, "उघडा. तुमच्यासाठीच आहे."

त्यांनी पेटीवरून हात फिरवला. चिकटपट्टीचं टोक नखाने उचकलं, परत दाबून बसवलं. "हे घेतलं म्हणजे तू ताईपाशी काय बोलशील, ते कोणाले खरं वाटन का?"

तेवढ्यात ताईंचा फोन आला. आवाज कोरडा, कामाचा. "रंजना, पुढच्या गुरुवारी नागपूरले समितीची बैठक आहे. साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलं. माझ्या घरात जे सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगाचं. मी मतदान काय करीन ते मी आज सांगत नाही, आणि तू विचारू नको." जरा थांबून म्हणाल्या, "चंद्रकलेले मी सांगितलं. ती रडली. तेल घेतेच आहे अजून. मीच म्हटलं घे."

"बरं, ताई."

"आणि आपलं रविवारचं... पाहू मग."

देविदासांनी ऐकलं होतं. त्यांनी पेटी न उघडता कपाटावर सरकवली. "जशी आहे तशी घेऊन चाल. मी येतो."

त्या दिवसापासून ते मोजून बोलायला लागले, जणू बाटलीत थेंबांबरोबर शब्दही तेवढेच उरलेत. मला त्यांचा आवाज आवडतो, हे मी त्या आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगतं?" आणि मग दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

नागपूरला खोली थंडगार होती. लांब टेबल, तेरा-चौदा आमदार, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. कंपनीचे तिघे भिंतीशी बसलेले, तिघांचे चेहरे चांगले, घरंदाज. गटाच्या चौघी मागच्या रांगेत होत्या. देविदास दाराजवळच्या खुर्चीवर पेटी मांडीवर घेऊन बसले. जुन्या बाटलीत एका दिवसाचं उरलं होतं. निर्मलाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळख न दाखवता कागदात मान घातली. मी तेच केलं असतं.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या कारकुनाने अर्ज ओढला. "नाव?"

"रंजना देविदास मेश्राम."

"व्यवसाय?"

"ब्युटी पार्लर."

"कोणाच्या वतीने साक्ष देताय? कंपनी, संस्था की वैयक्तिक? तिन्हींपैकी एकावर खूण करायची आहे."

मी अर्ज जवळ घेतला. तीन चौकोन होते, स्वच्छ, रिकामे. मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि तिन्हींवर खूण केली.

"बाई, एकच करायची असते," तो हळूच म्हणाला.

"कंपनीच्या तेलाने माझा नवरा बोलतो," मी म्हटलं. माझा आवाज खोलीच्या शेवटापर्यंत गेला. असा मोठा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. "बचत गटाची सुतळी मीही वळते. आणि इथे येऊ नये असं मला स्वतःला फार वाटत होतं. हे तिन्ही आधी लिहून घ्या, साहेब. मग मी कलम चौदावर बोलते."

कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी टेबलाभोवती पाहिलं.

निर्मलाताईंनी मान वर केली. "लिहा," त्या म्हणाल्या. "आणि त्यांचं झालं, की हाच अर्ज माझ्याकडे द्या, माझ्याही घरात हे तेल येतं. मग या टेबलाभोवती फिरवा."